हँडलवाली कॉट

खरेदीतलं मला कळतं. डाळिंबाच्या सालीवर टिचकी मारून आतला दाणा लाल आहे की फिका ते मी सांगते; सांगोल्यात आमच्या बागेवर व्यापारी आला की आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील रावजी, मलाच पुढं करायचे. तेव्हा सोलापुरात येऊन एक स्वस्तातली कॉट घेणं हे काय माझ्यासाठी काम आहे?

खरं तर मला कॉट नकोच होती. कौसरकडे कॉट असायला नको होती, एवढंच माझं म्हणणं होतं.

कॉलेजच्या हॉस्टेलात नंबर लागेपर्यंत मी आणि होटगीची कौसर घरमालकीण गुरम्माकाकूंच्या माडीवरच्या खोलीत राहत होतो. फरशीवर एक लांबरुंद सतरंजी, अंगावर एकच चादर. चादर कोण ओढतं यावरून रोज भांडण आणि सकाळी खाली यंत्रमाग खडखडायला लागले की दोघी एकदमच जाग्या. मग काकू उप्पीट घेऊन वर यायच्या, आम्हा दोघींच्या मधोमध मांडी घालायच्या आणि त्यांच्या अक्कलकोटच्या माहेरच्या गोष्टी सांगायच्या. सुख म्हणतात ते काय वेगळं असतं?

एक दिवस कौसरचे कासीममामा आपल्या टेम्पोतून एक कॉट उतरवून गेले. आकाशी रंगाची, डोक्याशी पत्र्याचा मोर. झालं! दुसऱ्या दिवशी उप्पीट आलं ते थेट कॉटवर.

"खाली बसलं की माजं गुडघं उठू देत न्हाईत, यव्वा," काकू कौसरला म्हणाल्या आणि मोराशेजारी ऐसपैस बसल्या. कानडीत पोरीला मायेनं यव्वा म्हणतात. कौसर यव्वा झाली. मी? मी 'सांगोला'. "ए सांगोला, पाणी आण की जरा."

शेजारच्या नागव्वामावशी आल्या, त्याही कॉटवर. वर्गातल्या मैत्रिणी आल्या, त्याही कॉटवर. मी खाली सतरंजीवर बसून सगळ्यांच्या टाचा बघत गप्पा ऐकायची. माझी आई, बजाबाई, भांडी घासता घासता ओव्या रचते; तो गुण माझ्यातही उतरलाय. पण आईला देवाधर्माच्या सुचतात. मला या सुचल्या:

पहिली माझी ओवी, लोखंडी गं कॉटेला,
सारी आळी लागली, कौसरच्या वाटेला.
दुसरी माझी ओवी, माझ्या सतरंजीला,
मुंगी बी फिरकंना, माझ्या गं शेजेला.

ओवीनं मन हलकं होतं म्हणतात. माझं झालं नाही. मला काकूंनी एकदा, फक्त एकदा, माझ्या अंथरुणावर बसून यव्वा म्हणायला हवं होतं. त्यासाठी कौसरच्या कॉटच्या वरताण कॉट पाहिजे होती.

जुन्या सामानाच्या बाजारात मानसिंग नावाचा दुकानदार होता. त्याच्याकडे कपाटांच्या मागे ती उभी होती. पांढरी शुभ्र, चार पायांना चार चाकं, पायथ्याशी एक हँडल. हँडल फिरवलं की डोक्याकडची बाजू नव्या नवरीसारखी हळूच मान वर करायची. कडेला एक उंच दांडीही होती.

"कुठली आहे?" मी टिचकी मारून विचारलं.

"एक दवाखाना बंद झाला, तिथली. मजबूत आहे ताई. हँडल तेवढं कधीमधी अडतं."

"आणि ही दांडी कशाला?"

"सलाईनला. तुम्ही ओढणी अडकवा की."

अशी कॉट सोलापुरात कुठल्या विद्यार्थिनीकडे असेल? भावही असा, की मी घासाघीस करायचं विसरले. हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

हातगाडीवरून कॉट आळीत आली तेव्हा मी पुढं, गाडी मागं, अशी आमची मिरवणूक होती. आणि काय सांगू! ओट्यावरचे म्हातारे उठून उभे राहिले. एकाने टोपी काढली. नागव्वामावशींनी शेंगा फोडायच्या थांबवून पदर तोंडाशी धरला.

जळतायत, मी मनात म्हटलं. जळा.

वर कॉट लागल्या लागल्या मी कौसरला हाताला धरून तिच्यावर निजवलं. नव्या कॉटवर आधी तिला का? अहो, तिला कळायला नको का माझी कॉट काय आहे ते! ती आडवी झाली आणि मी पायथ्याशी बसून हँडल फिरवायला लागले.

"या अल्ला," कौसर हळूहळू वर येत म्हणाली. "उत्कर्षा, ही तर लई भारी गे."

"मोर नाही हिला," मी नम्रपणे म्हटलं.

"मोराचं काय करायचं? टोचतो तो डोक्याला."

ते ऐकून मला जे बरं वाटलं, त्या भरात मी एक वेढा जास्त दिला. हँडल कडाक् करून अडलं. कॉट अर्धी बसलेली, अर्धी झोपलेली, आणि कौसर तिच्यात लोडाला टेकलेल्या पाटलिणीसारखी.

"राहू दे गे अशीच," ती म्हणाली. "वाचायला बेस आहे. परीक्षेपर्यंत मी इथंच वाचते." आणि पुस्तक छातीवर ठेवून तिने डोळे मिटले.

नेमकं तेव्हाच दार लोटून गुरम्माकाकू आल्या. मागे नागव्वामावशी, त्यांच्या मागे आळीतल्या आणखी दोघी. दारातच थबकल्या सगळ्या. पांढरी कॉट, मिटलेले डोळे, पायथ्याशी हँडल धरून बसलेली मी.

"या की काकू, बसा," मी कॉटवर हात थोपटला.

काकू बसल्या! माझ्या कॉटवर! पण बसल्या त्या कौसरच्या उशाशी. तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. मी आपली सांगतेय, "चाकं पण आहेत काकू, कुठंही ढकलत नेता येते," तर नागव्वामावशींनी डोळे पुसले.

जाताना काकू माझ्याजवळ थांबल्या. "सांगोला, हिला जप हं," म्हणाल्या. मला वाटलं, कॉटला.

त्या दिवसापासून आमच्या खोलीला देवळाची कळा आली. सकाळी शहाळं, दुपारी मऊ भात, संध्याकाळी केळी. जो येई तो पिशवी ठेवी, कौसरच्या डोक्यावर हात ठेवी, "आराम कर बाळ," म्हणे आणि पाऊल न वाजवता निघून जाई. काकूंचे यजमान चनमल्लप्पाकाका, जे भाड्याशिवाय कधी जिना चढले नव्हते, तेसुद्धा ग्लुकोजचा डबा घेऊन आले.

"सोलापूरची माणसं किती गोड गे," कौसर शहाळ्यातली मलई खात म्हणाली. "परीक्षेचं किती वाटतं यांना."

"मलाही परीक्षा आहे," मी म्हटलं.

"मग तू पण खा की एक केळं."

एक केळं! कॉट माझी, आणि मला तिच्या केळ्यांतलं एक केळं. जेवणाचंही तेच. कौसरला तूप घातलेला भात आणि मला सोलापूरची कडक भाकरी, पापडासारखी मोडणारी. "तुजं दात चांगलं हायत की," काकू म्हणाल्या.

मग एक दिवस कौसर अंघोळीला गेली तेव्हा मी ठरवलं, बास. मी माझ्या स्वतःच्या कॉटवर आडवी झाले, डोळे मिटले, पुस्तक छातीवर ठेवलं. अगदी तिच्यासारखं. दार वाजलं. काकूंची पावलं जवळ आली. आता हात फिरणार केसांवरून, मी श्वास रोखला.

"ए सांगोला! ऊठ, ऊठ आधी!" काकूंनी मला दंडाला धरून उठवलं. "लाज न्हाय वाटत? ती बिचारी मोरीत तोल सावरत आसंल आन् तू तिच्या कॉटवर?"

"माझी कॉट आहे काकू."

"तुजी, माजी काय करतीस आसल्या येळंला? तुजं अंग धडधाकट हाय. खाली निज."

कौसरच्या आकाशी कॉटवर निजावं म्हटलं, तर तिच्यावर केळ्यांचे घड आणि शहाळी. दोन कॉटांच्या खोलीत मी पुन्हा सतरंजीवर. मोर वरून माझ्याकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यावर धडधड झाली. कौसरची आई माजिदाचाची रडतच आत आल्या, मागे कासीममामा. मागोमाग काकू, नागव्वामावशी आणि जिन्यात मावेल तेवढी आळी.

"क्या हुआ गे तेरे कू?" चाचींनी कौसरचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"काय व्हायचंय? काही नाही," कौसर तोंडातलं केळं गिळत म्हणाली. "अम्मी, तू का रडती?"

"गुरम्माबाईंचा फोन आला. लेकीला एकदा बघून जावा, म्हणाल्या. पुढं बोलल्याच न्हाईत."

सगळे काकूंकडे बघायला लागले. काकू कॉटकडे. मग माझ्याकडे.

"सांगोला, ही दवाखान्याची कॉट कुणासाठी आणलीस?"

"माझ्यासाठी."

"मग आजारी कोण हाय?"

जिन्यातली आळी माना उंच करून बघायला लागली.

"कुणीच नाही," मी म्हटलं. "कौसरची कॉट सगळ्यांना आवडायची. म्हणून तिच्यापेक्षा भारी आणली. पण काकू, तुम्ही एकदा विचारायचं तरी मला, हिला काय झालंय म्हणून."

"आजाऱ्याच्या घरात आजार विचारतेत व्हय?" काकू तडकल्या. "नाव काडलं की वाडतो. आमच्या आळीत कोण विचारत न्हाय."

पहिल्यांदा कासीममामा हसले. मग चाची डोळे पुसत हसायला लागल्या, आणि हसू जिन्यावरून खाली आळीभर गेलं. कौसर तेवढी हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

"येडी," ती म्हणाली. "मला सांगायचं तर. मला वर एकटीला झोपच लागत न्हवती."

मला आता कुठं बघावं कळेना. मी सतरंजीवर बसले आणि गुडघ्यांत तोंड घातलं. तेवढ्यात शेजारी कण्हल्यासारखा आवाज झाला. गुरम्माकाकू भिंतीला धरून, एक एक गुडघा मुडपत, खाली बसत होत्या. माझ्या सतरंजीवर. त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला.

"आजारी हीच हाय की," त्या म्हणाल्या. "लई जळजळ हुती का यव्वा?"

मी मानेनं हो म्हटलं. नंतर काकूंना उठवायला तिघी लागल्या, हे वेगळं.

अडलेली कॉट आता खाली चनमल्लप्पाकाकांकडे आहे. अर्धं बसून पेपर वाचायला तिच्याइतकं सोयीचं काही नाही म्हणतात ते. आकाशी कॉटवर आम्ही पुस्तकं ठेवतो. सतरंजीवर पुन्हा दोघी, एका चादरीत. ओढाओढ चालू आहे, म्हणजे सगळं ठीक आहे.

फक्त सतरंजीवर येताना कौसर आपली उशी घेऊन आली. शेवरीच्या कापसाची, कडेला कशिदा, चाचींनी स्वतः भरलेली. माझी उशी कडक भाकरीच्या जातीची. असू दे. मला त्याचं काही नाही. बाजारात मानसिंगच्या दुकानासमोर एक उशांची गाडी लागते, एवढं मात्र मी बघून ठेवलंय.

आणि तिसरी ओवी अजून पुरी जुळलेली नाही, पण पहिली ओळ झालीय:

तिसरी माझी ओवी, कौसरच्या उशीला...