बाईंचे चार मोसम

अमेरिकेतल्या वाळवंटी चँडलरच्या उन्हात, पारा एकशे दहा फॅरनहाइटवर असताना, आमच्या कम्युनिटीच्या टेनिस कोर्टवर कुणी पांढरी फुलपँट, मनगटापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट आणि टाय अशा थाटात दिसलं, तर ते अरविंदकाका खांबेटे. खेळत नसतात. मागच्या रेषेपासून जाळीपर्यंत पळतात आणि परत येतात. कारण विचारलं तर म्हणतात, "बाई घोट्यापर्यंत झगा घालून जिंकल्या. आपण निदान पळून बघावं."

बाई म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वीची एक इंग्रज खेळाडू. टेनिस आणि बॅडमिंटन, दोन्हींत अजिंक्य. काका तिचं नाव घेत नाहीत. आपल्या मुख्याध्यापिकेबद्दल बोलावं तसं नुसतं 'बाई' म्हणतात. वरणात मीठ कमी पडलं, तर "बाई सामन्याआधी अळणीच खात असतील." कुणाची नोकरी गेली, तर "बाई पहिला सेट हरल्या की केस नीट करायच्या. तू आधी दाढी कर."

उषाकाकू हे ऐकत पोळ्या लाटतात. मी एकदा विचारलं, "काकू, कंटाळा नाही येत?"

"सवत असती तर भांडले असते," त्या म्हणाल्या. "ही इंग्रज, त्यात वारलेली. काय बोलणार?"

काका कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर होते, त्यामुळे वेडातही शिस्त आहे. बाईंचा प्रत्येक सामना त्यांनी एक्सेलमध्ये भरलाय. मी स्वतः वाणसामानाची यादी दुकानातल्या रांगांप्रमाणे करते, तेव्हा मला या माणसाबद्दल आदर आहे. पण त्या तक्त्यात मधे एक पिवळा पट्टा होता. बाईंचं लग्न झालं आणि पुढचे चार मोसम त्यांचं नाव कुठेच नाही. मग त्या परत आल्या आणि जिंकल्याही. मधे काय झालं ते काकांना सापडत नव्हतं. इंग्लंडमधल्या ग्रंथालयांना ईमेल करून झाले. तिकडून नम्र उत्तरं यायची, माहिती यायची नाही.

यंदा इथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमाची यादी माझ्याकडे होती. काकांना भाषणासाठी पंचवीस मिनिटं दिली. त्यांनी एकसष्ट स्लाइड्स पाठवल्या. आदल्या संध्याकाळी मी कात्री घेऊन त्यांच्या घरी गेले. काकू देवळात गेल्या होत्या.

काका आश्चर्य वाटावं इतके सरळ वागले. मी झग्यांच्या सहा स्लाइड्स कट केल्या, त्यांनी मान डोलावली. शेवटची स्लाइड उघडली आणि मी थांबले. मराठी वर्तमानपत्राचं पिवळं कात्रण. दोन वेण्यांची मुलगी, उडी मारून शटल मारतेय. खाली लिहिलेलं, 'जिल्हा बॅडमिंटन स्पर्धेतील विजेती कुमारी उषा'.

"या आपल्या काकू?"

"नागपूरला सासऱ्यांचं कपाट आवरताना सापडलं. तीन वर्षं झाली." काका दाराकडे बघत होते. "तिला माहीत नाही माझ्याकडे आहे ते. ती कधी बोलली नाही, मी कधी विचारलं नाही. सत्तेचाळीस वर्षं."

मी मनात हिशोब केला. बाईंचं वेडही तीन वर्षांचंच. त्याआधी काकांना शटल कुठल्या बाजूने उडतं तेही ठाऊक नव्हतं.

"काका, घरीच विचारा ना."

"घरी ती पोळ्या लाटते," ते म्हणाले. "ही शेवटी ठेव. मी 'पुढची' म्हणालो तर लाव. नाही म्हणालो, तर दिवे लाव."

त्या रात्री मी यादीत पहिल्यांदाच एका कामापुढे प्रश्नचिन्ह टाकलं. भर सभेत काकूंचा अपमान झाला तर? त्या उठून गेल्या तर?

दुसऱ्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये ऐंशी माणसं. काकू तिसऱ्या रांगेत, पर्स शेजारच्या खुर्चीवर. मी लॅपटॉपपाशी. काका छान बोलले. लोक हसत होते. मग पिवळा पट्टा पडद्यावर आला.

"इथे चार मोसम बाई दिसत नाहीत," ते म्हणाले. "मला कारण सापडलं नाही."

मागून निखिल, आमच्या मंडळातला आयटीवाला, उभा राहून म्हणाला, "काका, लग्न झालं ना यार, अजून काय कारण पाहिजे?" हॉल हसला.

"कुणी विचारलं होतं का तिला?" काकूंचा आवाज. मोठा नव्हता, पण हसणं थांबलं.

काकांनी माझ्याकडे बघितलं. माझं बोट बटणावर होतं. ते काहीच बोलेनात. दिवे लावावेत म्हणून मी उठणार, तेवढ्यात ते म्हणाले, "पुढची."

दोन वेण्या पडद्यावर आल्या. काकू हलल्या नाहीत. मी दाराकडे जाणारी वाट मोकळी आहे ना ते बघून घेतलं.

काका माइक तिथेच ठेवून खाली उतरले आणि त्यांच्यासमोर उभे राहिले. "उषा, का सोडलंस?"

"रॅकेट बॅगेत बसत नव्हती," काकू पडद्याकडेच बघत म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, तिकडे गेल्यावर घेऊ."

"मग?"

"मग काय. मी वाट बघितली."

"किती?"

त्यांनी खरोखर आठवून बघितलं. "आपली दुसरी गाडी आली, तोपर्यंत."

काकांनी मान खाली घातली. निखिल केव्हाच खाली बसला होता. कार्यक्रम आता माझ्या हातात होता, पण मी पुढचं नाव पुकारलं नाही.

काकूंनी शेजारची पर्स उचलून मांडीवर घेतली. काका त्या खुर्चीत बसले.

"हे शटल बाहेर जात होतं," काकू फोटोकडे बोट करून हळू म्हणाल्या. "मी उगीच मारलं. तरी पॉइंट मिळाला."

काकांनी घाईघाईने खिशातून पेन काढलं, पाठकोरा कागद शोधला. काकूंनी पेन त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"लिहू नका," त्या म्हणाल्या. "ऐका."