देवीदासभाऊंच्या खिशातला लाल लाईट

"सायकलले लाईट लावा, नाहीतर सायकल भंगारात देतो," असं शेखरनं अकोल्याहून फोनवर ठणकावलं होतं. आदल्या संध्याकाळी शेतातून येताना त्याच्या वडिलांना, देवीदासभाऊंना, एक ट्रक अगदी घासून गेला होता. बायको गेल्यापासून देवीदासभाऊ गावात एकटेच. सायकल गेली की शेत आणि बाजार दोन्ही सुटणार, म्हणून लाईटला ते मुकाट तयार झाले. वाद एवढाच की कोणता.

"डायनामो बसव."

"बाबा, त्यानं पायडल जड होते. बॅटरीवाला घ्या. पाह्यजे तवा लावा, पाह्यजे तवा काढा."

"आपल्याले काढता येते, तं दुसऱ्याले बी येते न!"

शेखरनं ऐकलं नाही. लाल लाईट कुरिअरनं येऊन थडकला.

तेव्हापासून देवीदासभाऊ सायकल उभी केली की आधी लाईट काढत, शर्टाच्या वरच्या खिशात टाकत, मगच कुलूप लावत. बाळापूरला त्यांचे साळे केशवराव यांच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता, तिथंही त्यांनी तेच केलं. जेवण दाबून झालं, मांडवात पंखा होता. खुर्चीतच त्यांचा डोळा लागला. हात छातीवर आला, त्यानं खिशातलं बटण दाबलं गेलं आणि पांढऱ्या शर्टातून लाल उजेड लुकलुकू लागला.

"अरे, भाऊजीच्या छातीत लाईट लागून राह्यला!" केशवराव ओरडले.

त्यांच्या ओळखीतल्या एकाला अमरावतीत हृदयाच्या ठोक्यांसाठी छातीत मशीन बसवली होती. देवीदासभाऊही मागच्याच महिन्यात अमरावतीला जाऊन आले होते. गेले होते चष्म्यासाठी, पण ते आता कोण विचारतो! केशवरावांनी थेट शेखरला फोन लावला.

"बाबाची मशीन लाल दाखवून राह्यली. लवकर ये!"

"कोणती मशीन, मामा?"

"म्हंजे तुले बी नाही सांगतलं? अरे देवा!"

इकडे नवरदेवाला गादीवरून उठवून देवीदासभाऊंना तिथं आडवं केलं. ते दचकून जागे झाले.

"काय झालं बे?"

"बोलू नोका भाऊजी, जोर पडते."

"अरे, सायकलचा लाईट…"

"अशा टायमाले सायकल आठवून राह्यली त्यायले," म्हणत एका बाईनं डोळ्याला पदर लावला. देवीदासभाऊंचा हात खिशाकडे गेला, तर दोघांनी तो धरून ठेवला. "मशीनले हात नोका लावू!"

अर्ध्या तासात शेखर पोचला, दोन पायांत दोन वेगवेगळ्या चपला घालून. गर्दी सारून तो वाकला, वडिलांच्या खिशात हात घातला, लाईट बाहेर काढला आणि बंद केला.

"अबे, बंद काहून केली!" केशवराव किंचाळले.

"मामा, सायकलचा लाईट हाय हा," म्हणत शेखर तिथंच गादीवर बसला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि नवरदेवाला त्याची गादी परत मिळाली.

"बाबा, उद्याच डायनामो बसवतो. हा जाऊ द्या आता."

देवीदासभाऊंनी लाईट त्याच्या हातातून काढून घेतला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा खिशात ठेवला.

"डायनामो बसव. पन हा बी राहू दे. मी फोन केला तं तुले यायले दिवाळी उजाडते. याच्यानं तू अर्ध्या घंट्यात आला."