रायरांच्या भावना

रघुरामरावांनी तीस वर्षांपूर्वी टीव्हीसाठी लिहिलेली तमिळ विनोदी मालिका सोमवारी एका ॲपवर पुन्हा आली, आणि कुंभकोणमच्या त्यांच्या घरात आनंद जेमतेम अर्धा मिनिट टिकला. पहिल्या भागाआधीच काळ्या पडद्यावर अक्षरं उमटली: 'या मालिकेत तंजावरच्या मराठी रायर समाजाची टिंगल आहे. भावना दुखावू शकतात.'

रघुरामराव स्वतःच रायर, त्यामुळे टिंगल घरचीच होती. मालिकेतले रायर कुणाच्याही घरी जेवायला बसत, तिसऱ्यांदा सांबार वाढून घेत आणि 'सांबार आमच्याच महाराजांच्या मुदपाकखान्यातलं' असं यजमानालाच ऐकवत. गेल्या आठवड्यात त्यांच्या मुलीला, हरिणीला, बघायला तिरुविडैमरुदूरहून आलेले जयकुमारराव तिसऱ्या वाढीला नेमके हेच बोलले होते. त्यांचा मुलगा कार्तिक हरिणीला आवडला होता आणि साखरपुडा येत्या रविवारी होता.

"त्यांनी हें पाहिलं तर?" रघुरामराव म्हणाले.

"तुम्हीं तसं लिहिलांत कां?" त्यांच्या पत्नी सीतालक्ष्मीबाईंनी विचारलं.

"तव्हां मज काय ठावं, असेच व्याही भेटतील म्हणून?"

"अप्पा, तुम्हीं कांही करूं नक्को," हरिणी म्हणाली. "तुम्हीं कांही केलं की जास्ती होतंय."

हे ऐकून रघुरामराव लगेच काहीतरी करायला बसले. मी लेखक, मला लाज वाटते, रायरांना काढा, असं पत्र त्यांनी कंपनीला धाडलं. लेखकच दुखावला म्हटल्यावर कंपनी हादरली. शुक्रवारी मालिकेतून रायर गेले, सूचनाही गेली, आणि वीस मिनिटांचा भाग सहा मिनिटांवर आला. त्या रात्री रघुरामराव आठवड्यात पहिल्यांदा घोरले.

रविवारी जयकुमारराव पंधराऐवजी चाळीस माणसं घेऊन आले. "पहिलं ती मालिका लावा," त्यांनी हॉलमध्ये पाय ठेवताच सांगितलं. रघुरामरावांनी ती लावली. सहा मिनिटं झाली, पडदा काळा झाला.

"आमचे रायर कुठें?" जयकुमाररावांनी विचारलं.

"मींच काढविले," रघुरामराव पुटपुटले. "तुमचं मन दुखेल म्हणून."

"मन दुखेल? सामी, ती सूचना मीं सगळ्या सोयऱ्यांस वाचून दाखविली. ह्या मुलखांत आमच्या मनाची काळजी आजवर कोण केली? म्हैसूरहून माणसं आणिलीं मीं, आमचा अपमान पाहायला." त्यांनी सोयऱ्यांकडे हात केला. "आमच्या माणसांसच काढून टाकणाऱ्या घरची मुलगी कशी न्यायची?"

त्यांचे एक काका उठून चपला शोधू लागले. कार्तिक खाली बघत होता. हरिणीचे डोळे भरून आले, आणि ते मात्र रघुरामरावांना बघवेना.

ते पंगतीच्या जागी गेले, केळीचं पान ओढून मांडी घालून बसले आणि मालिकेतल्या रायरांच्या आढ्यतेने मान वर करून म्हणाले, "वाढा. सांबार तुमचं असलं तरी आमचंच आहे."

काका चपलेत एक पाय घालून थांबले. कुणीतरी खुदकन हसलं.

"थांबा," जयकुमारराव गरजले. जयकुमाररावांनी उपरणं सावरलं, चाळीस माणसांकडे वळून दोन्ही हात जोडले आणि गंभीरपणे म्हणाले, "अत्तां आमची टिंगल होणार आहे. ज्यांच्या ज्यांच्या भावना दुखवून घ्यायच्या आहेत, त्यांनीं पुढें येऊन बसावं."

मागच्या रांगेत कोणीच उरलं नाही.