दोन चटण्यांचं ताट

विश्वनाथ काळ्या कापडाखालून बाहेर आला तो घामाघूम होऊनच. नोएडातल्या त्या फ्लॅटच्या हॉलमध्ये पंखा बंद होता, कारण वाऱ्यानं वरणावर साय धरते, असं त्याच्या बायकोचं, लतिकाचं, म्हणणं होतं. टेबलावर स्टीलचं ताट वाढून तयार होतं आणि त्याच्यासमोर पेटीसारखा घडीचा भाता असलेला जुना लाकडी कॅमेरा तीन पायांवर ताठ उभा होता.

गाझियाबादच्या चोप्रांना आपल्या ताट-वाट्यांच्या कॅटलॉगसाठी ‘महाराष्ट्रीयन थाली’चा फोटो हवा होता, तोही डिजिटल आणि आजच. पसंत पडला तर अख्खा कॅटलॉग विश्वनाथचा, नाहीतर नव्या मॉलसमोरच्या स्टुडिओचा. निम्मी गिऱ्हाइकं आधीच तिकडे पळाली होती. छोट्या डिजिटल कॅमेऱ्यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. म्हणून त्यानं जयंत नावाच्या मित्राकडून डिजिटल बॅक मागून आणली होती. फिल्मच्या जागी बसणारा हा डबा जुन्या कॅमेऱ्याला लावायला लेथवर एक पट्टीही बनवून घेतली होती. फक्त हा डबा खटकन फोटो काढत नसे. झेरॉक्सच्या मशीनसारखा डावीकडून उजवीकडे सावकाश सरकत चित्र उचलत असे.

“अगं, एकदा तू बघून घे,” तो लतिकाला म्हणाला. “मागच्या काचेवर उलटं दिसतं हं.”

लतिका कापडाखाली शिरली. ताट डोक्यावर उभं होतं, ते तिनं समजून घेतलं. पण चटणी उजवीकडे आणि भाजी डावीकडे? कॅमेऱ्यात डावं-उजवंही बदलतं हे विश्वनाथच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की सांगायचं त्याला सुचलंच नाही. लतिका बाहेर आली, टेबलाच्या पलीकडे, कॅमेऱ्याच्या समोर जाऊन उभी राहिली आणि तिथून तिनं ताट पाहिलं. तिथूनही चटणी उजवीकडेच!

“अहो, पण हे ताट—”

“आता एक अक्षर नको!” काच काढून विश्वनाथनं डबा बसवला. “रसिका, चलो!”

कॉम्प्युटरपाशी बसलेल्या मुलीनं बटण दाबलं. डबा कुरकुरत सरकू लागला. लतिका जीव मुठीत धरून उभी होती. उलटं पान श्राद्धाला वाढतात. तेच आता तिच्या हातचं म्हणून सगळ्या दिल्लीत छापून जाणार! डबा ताटाच्या मधोमध भातापर्यंत आला, विश्वनाथ प्लग बघायला खाली वाकला आणि लतिकाला राहवेना. तिनं झटकन भातावरून हात नेत चटणी आणि भाजीच्या वाट्यांची अदलाबदल केली.

चित्र पडद्यावर आलं.

“बाबा, यार, ये क्या है?” रसिका म्हणाली. “दोन्ही साइडला चटणी आहे. भाजी गायब!”

विश्वनाथनं चष्मा पुसला. ताटाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. ताटात तर चटणी एकच होती, पण ती उजवीकडे. मघाशी तर ती डावीकडे होती. की नव्हती? इतकी वर्षं उलटं बघून आपलं डोकंच उलटं झालं की काय, अशी त्याला खरोखर भीती वाटली.

“लेथवाल्यानं पट्टी तिरकी कापली असणार,” तो पुटपुटला. “आणि भातावर हे धुरकट काय?”

“वाफ असेल,” लतिका घाईघाईनं म्हणाली.

पुन्हा फोटो काढायचा तर पुऱ्या बसल्या होत्या. तेवढ्यात बेल वाजली आणि चोप्रा थेट कॉम्प्युटरसमोर येऊन उभे राहिले. त्यांनी वाकून पडदा न्याहाळला.

“दोनों तरफ़ चटनी?” त्यांनी विचारलं. “भाभीजी, आपके यहाँ ऐसे ही परोसते हैं?”

लतिकानं नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. पंक्तीत मिठाची जागा चुकली तरी वाढणाऱ्याला फैलावर घेणाऱ्या त्या बाईनं पदर सावरून मान डोलावली.

“हाँ जी,” ती म्हणाली. “अच्छे घरों में.”

“क्या बैलेंस है! और भाप तो देखो!” चोप्रा खूश झाले. “पूरा कैटलॉग आपका, विश्वनाथजी. मगर हर थाली बिल्कुल ऐसी ही चाहिए.”

ते गेल्यावर विश्वनाथ खुर्चीत बसला. आनंद झाला होता, पण डोकं गरगरत होतं.

“लतिका, खरं सांग. हे ताट तू वाढलंस तरी कसं?”

“मी कुठे?” लतिका चटणीची वाटी उचलून स्वयंपाकघराकडे वळली. “मी सरळच वाढलं होतं. हे तुमच्या कॅमेऱ्यानं वाढलंय!”