खुराड्यातील अष्टसात्त्विक भाव

एका जंगलात, बाळांनो, कोंबड्यांचे एक खुराडे होते, आणि त्या खुराड्यात देवापेक्षा भक्तीला अधिक मान होता.

देव साधाच होता. अंड्याच्या आकाराचा एक गुळगुळीत दगड, शेंदूर फासलेला. त्याच्यापुढे पाण्याचे एक मातीचे पात्र. पहाटे काकडोबा नावाचा कोंबडा देवापुढे उभा राहून आरवत असे. मग सगळ्या कोंबड्या एकामागून एक त्या पात्रात चोच बुडवून तीर्थ घेत. सूर्य आपल्या आरवण्यामुळे उगवतो, असे काकडोबा कधी म्हणाला नाही. तो फक्त इतरांना तसे म्हणू देत असे.

त्याच खुराड्यात ठकूबाई नावाची एक वयस्कर कोंबडी होती. तिच्या भक्तीविषयी सर्वांनाच संशय होता. तरुणपणी ती एकदा त्या शेंदरी देवावर, अंडे उबायला लागतात तितके दिवस, नेमाने बसून राहिली होती. शेवटी उठली आणि म्हणाली, "यातून काही निघत नाही." हे वाक्य समाजाने अजून विसरलेले नव्हते.

सध्या ठकूबाई खुडूक होती. पंखांखाली मावतील तेवढी अंडी घेऊन ती कोपऱ्यात बसली होती. मागच्या विणीची तिची सारी पिल्ले गेली होती. कोणीतरी बाजारातून एक देखणा कोंबडा आणला होता. तो शिंकतच आला, आणि आठवडा सरायच्या आत ठकूबाईच्या मागे चालणारे कोणी उरले नाही. या अंड्यांनंतर आपण पुन्हा खुडूक होऊ, असे तिच्या गुडघ्यांना वाटत नव्हते.

अशात पलीकडच्या जंगलातल्या खुराड्याने नामसप्ताह केला. त्यांच्या भजनात इकडच्यापेक्षा दुप्पट कंठ होते, असे कावळ्याने येऊन सांगितले. काकडोबाचा तुरा खाली आला.

"आपणही सप्ताह करू. आपल्यालाही कंठ वाढवले पाहिजेत," तो म्हणाला.

"अंडी उबवून?" एका कोंबडीने विचारले.

"छे! तेवढा धीर कोणाला आहे? विकत आणू."

हा विचार बदकरावाला फार आवडला. बदकराव हा त्या खुराड्याच्या सर्व समित्यांचा चिटणीस होता. तो जन्माने बदक असल्यामुळे कोंबड्यांच्या रोगांनी कधी आजारी पडत नसे, आणि म्हणून कोंबड्यांच्या आजारांवर त्याचा विश्वास नव्हता.

काकडोबा आणि बदकराव बाजारात गेले. तिथे कोल्ह्याची दलाली होती. एका ओल्या पिंजऱ्यात चार कोंबड्या एकमेकींना टेकून बसल्या होत्या.

"यांना लशीचा थेंब दिलेला आहे ना? ठकूबाई विचारायला लावते," बदकराव म्हणाला.

"थेंब?" कोल्ह्याने जीभ ओठांवरून फिरवली. "अहो रावसाहेब, या अमृताच्या थेंबावर वाढल्या आहेत. कोंबडीच्या प्रकृतीची काळजी माझ्याइतकी दुसऱ्या कोणाला असणार?"

हे खरेच होते. व्यवहार झाला.

पाहुण्या येत आहेत असे कळताच ठकूबाई अंड्यांवरून उठली. राखेच्या ढिगापलीकडे एक जुने, मोठे डालगे उपडे पडलेले होते. तिने ते स्वतः पायाने उकरून स्वच्छ केले, आत कोरडा पेंढा पसरला, शेजारी वेगळे पाण्याचे खापर ठेवले, आणि परत येऊन काकडोबापुढे उभी राहिली.

"अरे काकड्या, नव्या बाया आधी तिकडे राहू देत. या पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत. त्यांचे पाणी वेगळे, दाणे वेगळे. तिकडे जो जाईल त्याने परत येताना पाय राखेत घोळवून यावे. महिनाभर कोणी शिंकली नाही, की मध्ये जाळी ठेवून एकमेकींची तोंडे पाहू द्या. मग एका रात्री हळूच आत घ्या."

"ठकूबाई, आम्हाला महाराज म्हणतात," काकडोबा म्हणाला.

"मी तुला उबवले आहे. अंड्यात होतास तेव्हा तुला कोणी महाराज म्हणत नव्हते."

सभेत कोणीतरी फिसकन हसले. काकडोबाच्या मानेवरची पिसे उभी राहिली.

"पाहुण्यांना गावाबाहेर ठेवायचे? ज्या पात्रात देवाचे तीर्थ आहे, त्यात भेद करायचा? आपल्या संप्रदायात सर्वांची चोच एकाच पात्रात बुडते. समता म्हणतात ती हीच!"

"समता चोचीची असावी रे बाबा, शेंबडाची नको."

आता मात्र कोणी हसले नाही. ठकूबाई पुन्हा अंड्यांवर जाऊन बसली.

संध्याकाळी पाहुण्या आल्या. दारात बदकरावाने स्वागतपर भाषण केले. ते इतके लांबले, की अर्धा समाज उभ्या उभ्या झोपी गेला. मग चौघींना देवापुढे नेले. त्यांतली थोरली मंजुळा. तिने दगडाकडे पाहिले आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

"अश्रू!" काकडोबा हळूच म्हणाला.

दुसरीची सगळी पिसे फुगून उभी राहिली होती.

"रोमांच!"

तिसरीने "देवा" म्हणायला चोच उघडली, तर घशातून नुसती घरघर बाहेर आली.

"स्वरभंग!" काकडोबाचा स्वतःचा आवाज कापू लागला. "बाळांनो, हे अष्टसात्त्विक भाव आहेत!"

तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. देवाच्या ओढीने भक्ताच्या अंगी आपोआप उमटणाऱ्या या आठ खुणा. अंग ताठते, घाम फुटतो, रोमांच उठतात, स्वर फुटेनासा होतो, कंप सुटतो, चेहऱ्याचा रंग उडतो, डोळे वाहतात, आणि आठवा भाव प्रलय, म्हणजे भक्ताची शुद्धच हरपते. मोठमोठ्यांना यांतला एखादा लाभला तरी जन्माचे सार्थक वाटते. बाजारातून एकाच पिंजऱ्यात चार चार सिद्ध मिळाल्याचे मात्र पूर्वी कोणी ऐकले नव्हते.

"नाही हो महाराज," मंजुळा ओशाळून म्हणाली. "आम्ही पिंजऱ्यात भिजलो. पडसे आहे. शेजारच्या पिंजऱ्यातल्या तर कालच मेल्या."

"पाहा! पाहा हा विनय!" काकडोबा गहिवरला. "स्वतःच्या अवस्थेला पडसे म्हणतात!"

"अहो, खरेच पडसे आहे."

"खरे संत असेच बोलतात," बदकरावाने पुस्ती जोडली.

कोपऱ्यातून ठकूबाई ओरडली, "अरे, ती स्वतः सांगते आहे! शिंकणारीचे तरी ऐका! तिला पेंढा द्या, ऊब द्या, पण त्या पात्रात चोच घालू देऊ नका!"

एकदम गलका उसळला.

"निंदक आहे!"

"हिला स्वतःला कधी भाव आला नाही, म्हणून जळते!"

"जिने देवावर बसून पाहिले, तिला काय कळणार?"

काकडोबाने पंख उंच केला. "ठकूबाई, तुम्ही आज सर्वांदेखत संतनिंदा केलीत. उद्याच्या तीर्थाला तुमची चोच चालणार नाही. तुम्ही आत्ताच्या आत्ता समाजाबाहेर व्हा. राखेपलीकडच्या त्या डालग्यात राहा. तुमचे पाणी वेगळे, दाणे वेगळे. तुमच्याकडे कोणी येणार नाही, आणि चुकून आलेच, तर परतताना राखेने पाय शुद्ध करून घेईल."

ठकूबाई चकित होऊन त्याच्याकडे पाहत राहिली. तिने सांगितलेले एकही कलम त्याने गाळले नव्हते.

तिने आपली अंडी चोचीने एकेक लोटत नेली. निंदकाची अंडी शिवायची कशी, म्हणून कोणी जवळ आले नाही. ठकूबाईने त्या रात्री, फार दिवसांनी, देवाला मनापासून नमस्कार केला. कोणत्या देवाला, ते तिने स्पष्ट केले नाही.

इकडे पहाटे मंजुळाने पहिले तीर्थ घेतले. तिच्यामागून साऱ्यांनी घेतले. काही दिवसांतच खुराड्यात भक्तीचा असा पूर आला, की विचारू नका. काल ज्यांना देव आठवत नव्हता, त्यांचेही डोळे वाहू लागले. कोणाला कंप सुटला. कोणाचा तुरा पांढुरका पडला, तो रंग उडण्याचा भाव ठरला. कोणी दाण्याला चोच लावेना, त्याला उपवास म्हणू लागले. जिला अजून काही झाले नव्हते, ती तोंड लपवून हिंडे, आणि कोणी पाहत नसताना पात्रात दोनदा चोच बुडवी.

घामाने तेवढी पंचाईत केली. कोंबड्यांना घाम येत नाही. पण पुढे सगळ्यांना हिरवट पाण्यासारखे ढाळ लागले, तेव्हा बदकरावाने निर्णय दिला, की शास्त्राला ओलावा हवा आहे. तो कोणत्या बाजूने येतो, याचा शास्त्र आग्रह धरत नाही.

मग माना वळू लागल्या. कोणाची मान खांद्यावरून मागे गेली, कोणाची पंखांखाली. कोणी स्वतःभोवतीच गोल फिरू लागली. जुनी माणसे या रोगाला मानमोडी म्हणतात. काकडोबाने तिला प्रदक्षिणा म्हटले.

एके दिवशी मंजुळा देवापुढे उभी होती. "महाराज," ती क्षीण आवाजात म्हणाली, "त्या म्हाताऱ्या बाईंचे ऐकले असते तर..." आणि बोलता बोलता आडवी झाली. पुन्हा उठली नाही.

"आठवा!" बदकराव आनंदाने ओरडला. "आठवा भाव!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना पंख उचलता आले, त्यांनी.

त्यानंतर आठव्या भावाला रोजच कोणी ना कोणी पोहोचू लागले. सप्ताहाचा दिवस उजाडला, तेव्हा भजनाला जे कंठ उरले होते, त्यांतला एक बदकरावाचा होता.

राखेपलीकडे ठकूबाईची अंडी फुटली. पिवळी, टपोरी पिल्ले पेंढ्यातून बाहेर आली. ती शिंकत नव्हती. ठकूबाईने प्रत्येकाच्या चोचीशी कान नेऊन श्वास ऐकला, आणि मग पुन्हा पहिल्यापासून ऐकला.

एका दुपारी तिला राखेच्या कडेला पावले वाजलेली ऐकू आली. काकडोबा आला होता. तो वाचला होता, पण त्याची मान वर वळून तशीच राहिली होती. आता तो अहोरात्र आकाशाकडेच पाहत असे, त्यामुळे त्याचे माहात्म्य पूर्वीपेक्षा वाढले होते. स्वतःचे पाय तेवढे त्याला दिसत नसत. मागे बदकराव, चोचीत ते मातीचे पात्र धरून. त्यांच्यामागे उरलासुरला समाज, घरघरत.

"ठकूबाई," काकडोबा आकाशाला उद्देशून म्हणाला, "देव दयाळू आहे. आम्ही तुम्हाला क्षमा करायला आलो आहोत. तुमची पिल्ले भावहीन वाढत आहेत, हे आम्हाला पाहवत नाही. त्यांना एक एक थेंब तीर्थ देऊ, आणि समाजात परत घेऊ."

बदकरावाने पात्र खाली ठेवले. एक पिल्लू तहानलेले होते. ते तुरुतुरु पुढे निघाले. ठकूबाईने त्याला पायाखाली दाबून धरले.

खरे बोलावे, असे तिच्या चोचीपर्यंत आले होते. पण खरे बोलल्यावर मागच्या वेळी काय झाले, ते तिला आठवले. तेव्हा तिला बाहेर काढले होते. आता ते आत घ्यायला आले होते. खरे ऐकून चिडले असते, आणि पिल्लांना ओढत नेले असते.

ठकूबाईने मान जमिनीपर्यंत वाकवली.

"महाराज," ती म्हणाली. हा शब्द तिने जन्मात पहिल्यांदाच काकडोबासाठी वापरला. "आम्ही फार पापी आहोत. एवढ्या मोठ्या अनुग्रहाला पात्र नाही. माझ्या पिल्लांची चोच लागली, तर तुमचे तीर्थ बाटेल. आमचा वारासुद्धा तुमच्या पुण्याला लागू नये. तुम्ही जरा मागे सरका. अजून मागे. हां, तिथे."

काकडोबाला गहिवरून आले. असा पश्चात्ताप त्याने पूर्वी पाहिला नव्हता, आणि मानेमुळे आत्ताही पाहता येत नव्हता.

"मग प्रायश्चित्त किती दिवसांचे घेणार?"

"तुमच्यातल्या शेवटच्याचा भाव ओसरला, की तिथून एक पौर्णिमा जाऊ द्या. ते पात्र फोडून टाका. देव उन्हात ठेवा. खुराड्याला चुना द्या. मग आमच्या पापाचे काय ते बघू."

"चुना कशाला?" बदकरावाने संशयाने विचारले.

"शुभ्र रंग देवाला आवडतो," ठकूबाई म्हणाली.

हे सर्वांना पटले. मंडळी नामघोष करीत, घरघरत, गोल गोल फिरत परत गेली. चुना त्याच संध्याकाळी लागला.

पायाखालचे पिल्लू वर आले आणि आईकडे पाहू लागले.

"आई, आपण खरेच पापी आहोत का गं?"

"हो बाळा," ठकूबाईने त्याला वेगळ्या खापरातले पाणी दाखवले. "आणि थोडा मोठा होईपर्यंत तसाच राहा."

तात्पर्य: साथीच्या दिवसांत निरोगी राहायचे असेल, तर साथ येण्यापूर्वीच समाजाचा बहिष्कार मिळवून ठेवावा. तो मागून मिळत नाही. खरे बोलल्यास तत्काळ मिळतो. आणि एकदा पदरात पडला, की निर्दोष ठरण्याची घाई करू नये. निदान पुढच्या पौर्णिमेपर्यंत तरी.