चादरीबरोबर शब्दाचं कूळ फुकट

नवी पेठेत शिवलिंगप्पांकडे चादर घ्यायला जायचं असेल, तर इंग्रजी शब्द घरीच ठेवून जावं. तोंडातून एखादा निसटला, की मालक घडी अर्धवट टाकून त्या शब्दाचं कूळ सांगायला बसतात.

"आमचं बजेट कमी आहे हो," एक बाई म्हणाल्या.

"बजेट म्हणजे मुळात चामड्याची पिशवी, ताई. जुन्या फ्रेंच लोकांची. आता उघडा की पिशवी!"

बाई हसल्या, चादर घेतली. पण प्रत्येक गिऱ्हाईक एवढं गुणाचं नसतं. एकदा एक गडी घट्ट बनियनमधून मसल दाखवत आला. शिवलिंगप्पांनी त्याचे दंड निरखून पाहिले.

"मसल म्हणजे लॅटिनमध्ये पिटुकला उंदीर. तुमचे लई पोसलेत की!"

गडी तसाच चालता झाला. माझं बांगड्यांचं दुकान शेजारीच, त्यामुळे मला हा तमाशा फुकटात बघायला मिळतो.

"गेलं की गिऱ्हाईक," मी म्हणालो.

"जाऊ द्या हो. ज्ञान तर घेऊन गेलं!"

कॉलेजात त्यांनी इंग्रजी घेतलं होतं. वडिलांनी उचलून गादीवर बसवलं, पण खोड काही गेली नाही.

गेल्या वर्षी त्यांची बायको वारली. मुलगा पुण्याहून आला. "अप्पा, इथं एकटे काय करणार? तिकडं तुम्हाला कंपनी मिळेल," म्हणाला आणि घेऊन गेला. दुकानाला कुलूप लागलं. आता हे काही परत येत नाहीत, असं आम्ही धरून चाललो होतो. महिना व्हायच्या आत स्वारी हजर.

"काय झालं हो?" मी विचारलं.

"कंपनी म्हणजे एका भाकरीत जेवणारी माणसं. हा मूळ अर्थ. तितं पोरगा ऑफिसात जेवतो, सून मीटिंग संपल्यावर, नात मोबाईलसमोर. सगळी लई चांगली हायत. पण ताट एकट्याचंच की."

मग त्यांनी डबा उघडला. बायको होती तोवर दोघं दुपारी दुकानातच जेवायची. कडक भाकरी त्यांनी कटकन मोडली आणि अर्धी माझ्यापुढे धरली.

"बर्री, ऊट माडोण," त्यांनी कानडीत जेवायला बोलावलं.

मी नुकताच घरून जेवून आलो होतो. तसं सांगणारही होतो. पण त्यांचा हात तसाच पुढे राहिला.

मी स्टूल ओढलं आणि दुसऱ्यांदा जेवलो.