गाऱ्हाण्याचं शुद्धिपत्रक

आमच्या मृणालीच्या व्हिसाचा अर्ज एजंटकडे न देता मी स्वतः भरायचं ठरवलं. बस, एवढंच ठरवलं. पुढे जे काही झालं त्याला मी जबाबदार नाही, असं मी पहिले तीन दिवस सगळ्यांना सांगत होतो. (देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ते लोक सगळं वाचतात, हे आता कळलंय.)

मी रत्नागिरीतल्या एका सरकारी कचेरीत सत्तावीस वर्षं क्लार्क आहे. लोकांनी आणलेल्या अर्जात त्रुटी काढायच्या आणि अर्ज परत करायचा, हे माझं काम. कुठलाही रकाना रिकामा दिसला की माझी लाल पेन्सिल आपोआप चालते.

"एजंट कशाला? अर्ज म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ," मी म्हणालो.

"आधी हात धुवा, जेवायला वाढलंय," आमची दमयंती म्हणाली.

मृणालीला समुद्री शेवाळावर शिकायला तिकडच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता, वर स्कॉलरशिप. (शेवाळ आमच्या विहिरीतही भरपूर आहे, पण त्याला कुणी स्कॉलरशिप देत नाही.) अट एकच. दोन सप्टेंबरच्या आत तिथे हजर व्हायचं, नाहीतर जागाही गेली आणि स्कॉलरशिपही. पोरीने दोन वर्षं घासून मिळवलेली जागा.

आणि नेमके ह्याच वर्षी त्यांचे नियम बदलायला लागले. आधी म्हणाले, फोटोत दोन्ही कान दिसायला हवेत. आम्ही फोटो काढला. मग म्हणाले, चष्मा नको. पुन्हा काढला. मग म्हणाले, मागची भिंत पांढरी हवी. तिसऱ्या खेपेला फोटो स्टुडिओवाल्या बाळाने मला हळूच बाजूला घेऊन विचारलं, "काका, स्थळं बघताय काय? माझ्या मावसभावाचंही बघायचंय."

मग आला तो नियम. अर्जदाराने आपली सोशल मीडियाची खाती सर्वांसाठी उघडी ठेवावीत, व्हिसा देणारा साहेब ती बघणार. मृणालीने खातं उघडं केलं आणि अर्जात लिहायला म्हणून त्याची सगळी माहिती, पासवर्डसकट, माझ्या वहीत लिहून दिली. मी आत जाऊन बघतो तर काय, भाट्याच्या किनाऱ्यावरचे तीन फोटो आणि एका खेकड्याचा. बाकी सगळं कोरं.

मला घाम फुटला. एवढा मोठा रकाना रिकामा? माझ्या टेबलावर असा अर्ज आला असता तर मी उभ्या उभ्या परत पाठवला असता. मृणालीला विचारायला हवं होतं, पण ती कॉलेजात गेली होती आणि मला उत्साह आला होता. (हे दोन्ही एकाच वेळी घडणं आमच्या घराला कधीच मानवलेलं नाही.)

आदल्याच रविवारी आम्ही लांज्याजवळच्या आमच्या गावी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालायला गेलो होतो. आमच्याकडे कुठलंही मोठं काम देवाच्या कानावर घातल्याशिवाय सुरू होत नाही. गुरव देवापुढे उभा राहून मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. रावजी गुरवाला मी आधीच सांगून ठेवलं होतं, की हात आखडता घेऊ नकोस. त्याने घेतला नाही. मी मोबाईलवर सगळं शूट केलं होतं. आता तोच व्हिडिओ मी मृणालीच्या खात्यावर चढवला. साहेबाला आपली संस्कृती कळावी म्हणून खाली इंग्रजीत भाषांतरही लिहिलं. डिक्शनरी घेऊन दीड दिवस बसलो होतो.

मुलाखतीला आम्ही दोघे मुंबईला गेलो. पालकांना वकिलातीच्या आत सोडत नाहीत, म्हणून मी समोरच्या फुटपाथवर फाईल मांडीवर घेऊन बसलो. तासाभराने मृणाली बाहेर आली, ती थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, माझ्या खात्यावर गाऱ्हाणं कुणी टाकलं?"

"आवडलं साहेबाला?"

"त्याने मला विचारलं, शिकून परत जाणार का. मी म्हटलं, हो, नक्की. मग त्याने स्क्रीन माझ्याकडे फिरवली. त्यात रावजीकाका म्हणतायत, हे लेकरू तिकडचंच होऊन राहू दे, मागे फिरायची पाळी येऊ देऊ नको. आणि तुम्ही सगळ्यात मोठ्याने व्हय म्हाराजा म्हणताय."

"तसं म्हणायची पद्धत असते गं."

"पुढे आहे, तिच्यामागून आईबापाला, भावकीला आणि वाडीतल्या चार पोरांना तिकडे ओढून घे."

"हे जरा जास्त झालं," मी कबूल केलं.

"आणि जो कोण हापिसर आडवा येईल त्याच्या डोळ्यांवर झापड घाल. त्याने विचारलं, हा हापिसर म्हणजे मी का?"

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? भाषांतर तुम्ही एकदम अचूक केलंय."

मला क्षणभर बरं वाटलं, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. मग तिने कागद दाखवला. व्हिसा नाकारला नव्हता, पण रोखून ठेवला होता. शिकून परत येण्याचं समाधानकारक कारण घेऊन दहा दिवसांनी पुन्हा या. त्या दिवशी ऑगस्टची अकरा तारीख होती. परतीच्या गाडीत पोरगी खिडकीकडे तोंड करून बसली. मला एवढी लाज वाटली की खेडला आलेला वडासुद्धा मी एकच खाल्ला.

घरी दमयंतीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आमच्याकडे ती शांत झाली की शेजारी दारं लावून घेतात.

"माझी पोर परत येऊ नये म्हणून तुम्ही देवाला साकडं घातलंत," ती म्हणाली.

"तूही व्हय म्हाराजा म्हणालीस."

"मला वाटलं, तुम्ही परीक्षेचं मागताय. माझं लक्ष नारळावर होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही रावजीला गाठलं. गाऱ्हाणं परत घे म्हटल्यावर त्याने मान हलवली. "देवापुढं बोललेलं मागं घेता येत नाय, अनिलभाऊ. दुरुस्ती करून बघू."

"म्हणजे शुद्धिपत्रक," मी म्हणालो. हा विषय माझा होता.

रावजी देवापुढे उभा राहिला. "बा देवा म्हाराजा, मागल्या खेपेस ह्या माणसान् भलतंच मागून घेतलान् म्हाराजा. त्याची अक्कल तुला ठावी हाय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," दमयंती आणि मृणाली एका सुरात म्हणाल्या. एवढा जोर पहिल्या खेपेला नव्हता.

"पोर शिकून सवरून सुखरूप आपल्या घरी माघारी येऊ दे म्हाराजा."

ह्या वेळी दमयंतीचा आवाज फुटला. इतके दिवस मी पोरीला पाठवायच्या नादात होतो, ती घरात नसणार हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. मला ती परत यायला हवी होती, अगदी शेवाळासकट. (मोबाईल तेव्हा दमयंतीच्या पर्समध्ये कुलूपबंद होता. तशी अटच होती.)

परत यायचं कारण म्हणून मी सात पानी निवेदन तयार केलं, सोबत आमच्या आंब्याच्या कलमांची यादी, घरपट्टीची पावती आणि विहिरीचा फोटो. मृणालीने सगळं वाचलं, "छान आहे" म्हणाली आणि निवेदन घरीच ठेवून एकटी मुंबईला गेली.

संध्याकाळी तिचा फोन आला. व्हिसा मिळाला होता. दमयंती देवापुढे साखर ठेवायला धावली. मी फोन घट्ट धरून विचारलं, "कारण काय दिलंस? माझ्या निवेदनातलं तिसरं कलम ना?"

"नाही. मी म्हटलं, घरी माझे वडील आहेत, त्यांना एकटं सोडून फार दिवस राहता येणार नाही. साहेबाने पहिल्यापासूनचा सगळा अर्ज पुन्हा चाळला. मग व्हिडिओ पुन्हा बघितला. आणि काही न विचारता सही केली."

"एवढ्यावर?"

"अवलंबून असलेल्या व्यक्ती ह्या रकान्यात त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं. एक, वडील."

मी ते दमयंतीला जसंच्या तसं सांगितलं. तिने वाटीतली चिमूटभर साखर माझ्या हातावर ठेवली.

"बघा," ती म्हणाली, "तुमच्या अख्ख्या अर्जात हा एकच रकाना बरोबर भरलाय."